ताकदीच्या गोळ्या

९ मे, शुक्रवार
समोरच्या क्वार्टरमधल्या नर्सबाई, सिस्टर एल्सी, शिबिराचा फॉर्म देऊन गेल्या. चर्चचं मुलांचं उन्हाळी शिबिर, कुम्हारीच्या पुढे, पाच दिवस. त्या आणि त्यांच्या दवाखान्यातल्या आणखी दोन नर्स दरवर्षी सुट्टी टाकून तिथे मुलांची तब्येत बघायला जातात. "पिहूले पाठवा काकाजी. घरात मोबाइल पाहून पाहून डोळे खराब करून राहिली." मराठी माझ्या बायकोकडून शिकल्या, म्हणून बोलतात तिच्यासारख्याच. बायकोच्या शेवटच्या आजारपणात सलाइन त्याच लावून जायच्या.
पिहू, माझी धाकटी नात, दिवसभर नाचते आहे. दहा वर्षांची झाली, घराबाहेर एकटी कधी राहिली नाही. सूनबाई म्हणाली, "मामाजी, फॉर्म तुमी भरा. सिकलिंगचं लिहा बरं. रोजची कॅप्सूल, पाणी भरपूर, थंड काही नाही. समदं लिहा."
लिहीन म्हणालो.

११ मे, रविवार
फॉर्म भरला. नाव, वय, वडिलांचं नाव प्रकाश, पत्ता हुडको कॉलनी. मग 'मुलास काही आजार आहे काय?' तिथे अर्धा तास.
मोठी नात श्वेता. तिच्या लग्नाचं चाललं आहे, बोरसीच्या मुलाकडून होकार येण्यात आहे. आणि शिबिरातली दुसरी नर्स विमला, त्या मुलाच्या गल्लीतच राहते. तिला धाकटीचं कळलं की संध्याकाळपर्यंत त्यांना कळेल. सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, मग मोठीचंही रक्त तपासा म्हणतील. आम्हीच तपासलेलं नाही, भीतीने.
आमच्या भंडाऱ्याकडे सिकलिंग हा शब्द कोणी कागदावर येऊ देत नाही. माझ्या बहिणीचे दोन मुलगे यातच गेले. दोघांच्या नावापुढे कावीळ लिहिली.
मी सातवी शिकलो. प्लांटच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं होतो, रजिस्टरात जे आहे तेच लिहिलं. आज लिहिलं, 'नाही.'
कॅप्सूल व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. पिहूला सांगितलं, कोणी विचारलं तर ताकदीच्या गोळ्या म्हणायचं. श्वेताताईच्या लग्नासाठी. ती लगेच हो म्हणाली. लग्नात नाचायचं आहे तिला.
सूनबाईला सांगितलं, लिहिलं, आणि सिस्टरच्या कानावरही घातलं.

१२ मे, सोमवार
पिहूला सोडून आलो.
फाटकातच नर्सांचं टेबल. ज्या मुलाकडे जे औषध असेल ते तिथे जमा. प्रत्येकाची कापडी पिशवी, वर नाव, भिंतीला खिळे, खिळ्याला पिशवी. मुलाने स्वतःजवळ एक गोळी ठेवायची नाही. दम्याचा पंप, फिटच्या गोळ्या, सगळं विचारून लिहून घेत होत्या. माझ्या मनात होतं, बाटली पिशवीत जाईल, रोज एक दिली जाईल, काम झालं.
सि. एल्सींनी फॉर्म घेऊन आपल्या पिशवीत ठेवला, मग बाटली पाहिली. "ह्या कायच्या?" पिहू म्हणाली, "ताकदीच्या." एल्सी हसल्या. "पाच दिवस ताकद नाही खाल्ली तं काही होत नाही बाई. टॉनिक आमी ठेवत नाही काकाजी, परत न्या." बाटली माझ्या हातात दिली.
बाजूलाच विमला लिहीत बसली होती. मागे रांग.
मी बाटली घेतली. घेऊन घरी आलो. कपाटात, माझ्या स्वेटरच्या खाली ठेवली आहे.

१३ मे, मंगळवार
ऊन फार. चार वेळा फोन केला. पाणी पिते का, टोपी घालते का. एल्सी म्हणाल्या, "काकाजी, पन्नास पोरं आहेत, बाकीचे आबाजी एकदाही फोन नाही करून राहिले. तुमीच येऊन राहा ना शिबिरात, गोष्टी सांगा."
पाचव्या वेळी सांगणार होतो. घंटी वाजत राहिली, मीच ठेवला.
सूनबाईने विचारलं, गोळी दिली का म्हणाल्या? हो म्हणालो.

१४ मे, बुधवार
दुपारी एल्सींचा फोन. धावण्याच्या शर्यतीनंतर पिहूचे गुडघे दुखतात, रडते आहे. "मुरगळला असंल. बर्फ लावून राहिलो."
बर्फ. डॉक्टरने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, थंड लावलं की रक्त आणखी अडकतं.
मी म्हणालो, "बर्फ नोका लावू, तिले थंड सोसत नाही."
"कावून? ॲलर्जी आहे का?"
आता बोलायचं होतं. मागून विमलाचा आवाज आला, टॉवेल आणू का म्हणून. मी म्हणालो, "नाही, अशीच. नाजूक आहे."
"नाजूक तं तुमीच आहे काकाजी."
फोन ठेवल्यावर देवासमोर बसलो. काय मागावं सुचेना.

१५ मे, गुरुवार
पहाटे ताप, छातीत दुखणं, श्वास लागला. एल्सी आणि विमला गाडीत घालून थेट दुर्गच्या दवाखान्यात. आम्ही पोचलो तेव्हा विमला शिबिरात परतली होती, पिहूच्या नाकाला नळी. गाडीभर एल्सींनी तिला मांडीवर धरलं होतं. त्यांच्या साडीवर उलटीचे डाग.
डॉक्टरने विचारलं, घरात सिकलिंग आहे का? सूनबाई म्हणाली, "आहे ना जी. फॉर्मवर लिहिलं आहे. मामाजींनी सिस्टरले सांगतलंही होतं."
एल्सींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे. तिथे हात धुण्याच्या सूचना होत्या, त्या वाचल्या.
एल्सी म्हणाल्या, "थे राहू द्या आता. आधी पोरगी."
डॉक्टर म्हणाले, दोन-तीन गोळ्या चुकल्या तरी तेवढ्याने एवढं होत नाही. ऊन, धावपळ, त्यावर बर्फ. आधी माहीत असतं तर ती धावलीच नसती.

१७ मे, शनिवार
रक्त चढवलं. ऑक्सिजन सुरूच. डोळे उघडते, मिटते.
प्रकाश कॉरिडॉरमध्ये एल्सींना वाट्टेल ते बोलला. "तुमाले सांगून ठेवलं होतं. नर्स आहे का कोण आहे तुमी?" त्या उभ्या होत्या, हातात पिहूचं दप्तर.
मीही तिथेच होतो. पाणी आणतो म्हणून खाली गेलो.

२० मे, मंगळवार
गल्लीत गोष्ट पसरली, सांगूनही नर्सने काळजी घेतली नाही; आजाराचं नाव मात्र प्रकाशनेही बाहेर काढलं नाही. शेजारचा शर्मा म्हणाला, पाठवलंच कावून होतं त्यांच्या शिबिरात. एल्सींच्या घराचं दार दिवसभर बंद. रविवारी चर्चच्या हॉलमध्ये सगळे पालक बोलावले आहेत. प्रकाश बोलणार आहे. पुढच्या वर्षीपासून एल्सींना शिबिरात घेणार नाहीत असं ऐकलं. दवाखान्यातही तक्रार देणार, प्रकाश म्हणतो. तिथल्या त्यांच्या नोकरीला चार वर्षं उरली.
बोरसीहून फोन आला, होकार आहे. श्वेता दारामागे उभी राहून ऐकत होती. मी पेढे आणायला गेलो नाही. गुडघे दुखतात म्हणालो.

२३ मे, शुक्रवार
एल्सी आल्या. घरात मी एकटा. बसल्या नाहीत. पिशवीतून फॉर्म काढला, माझ्यापुढे ठेवला. माझंच अक्षर. 'नाही.'
"ही एकच कॉपी आहे काकाजी. विमलानं पाह्यली नाही, कोणीच पाह्यली नाही. तुमच्यापाशी ठेवा."
मी म्हणालो, "श्वेताचं लग्न..."
"माहीत आहे मले. काकूनं मरायच्या आधीच सांगतलं होतं, घरात सिकलिंग आहे म्हणून. पिहूले आहे हे नव्हतं माहीत. मी इचारायले पाह्यजे होतं. बाटली उघडून पाह्यली पाह्यजे होती. थे माह्यं. बाकीचं तुमचं तुमी पाहा."
दाराशी थांबल्या. "मी लेकराले बर्फ लावला, काकाजी. ह्या हातानं."
गेल्या.
फॉर्म फाडला तर कोणाला कळणार नाही. याच वहीत ठेवला आहे.

२४ मे, शनिवार
पिहूची नळी काढली. पण डॉक्टर हसत नाहीत. पुन्हा होऊ शकतं म्हणाले, फुप्फुस कमजोर झालं.
सूनबाई चहाला गेली तेव्हा पिहूने मला खुणेने जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक.
"आबाजी, मी नाही सांगतलं."
"काय?"
"गोळ्यांचं. सिस्टर गाडीत सारखं विचारत होत्या, बेटा कोणती गोळी खातेस का रोज. खूप दुखत होतं. तरी नाही सांगतलं."
मी तिचा हात धरला.
"लग्न होईल ना आता?"

२५ मे, रविवार
दहाला सभा. सदरा इस्त्री केला. बाटली स्वेटरखालून काढून एका खिशात, फॉर्म दुसऱ्या खिशात. मग दोन्ही काढून ठेवलं. मग पुन्हा घातलं.
श्वेता विचारते, आबाजी, तुमी कावून चालले, ऊन किती आहे. बोरसीवाल्यांनी पाठवलेल्या साडीची घडी तिच्या हातात होती.
समोरच्या दाराला कुलूप. एल्सी आधीच गेल्या, पायीच.
प्रकाशने गाडी काढली आहे. दोनदा हाक मारली. एवढं लिहून होऊ दे म्हणालो.