एका खड्ड्यात तीन नाग

रांझी, जबलपूर
शनिवार, जेवणं झाल्यावर

चि. अच्युत यास अंजनीताईचे अनेक आशीर्वाद. सौ. सुनेत्रालाही आशीर्वाद, आणि तिच्या गुडघ्यालाही. तो हल्ली तिच्यापेक्षा जास्त बोलतो असं ऐकते. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहवून घेतलं. खरंखोटं पुढं वाचलं की कळेल. हे पत्र घेऊन जो माणूस आला आहे त्याला आधी आत बसव, पंख्याखाली. पाणी दे, गूळ असेल तर गूळ दे. लांबून आला आहे. त्याला काही विचारत बसू नको, तो कमी बोलतो. तू वाच, तो बसेल.

पत्र काहून, फोन काहून नाही, असं तुला वाटेल. बापा, तुझ्या फोनला रेंज नसते. रेंज असली की बॅटरी नसते, आणि दोन्ही असली की तू देवळात असतोस. लहानपणी आरती सुरू झाली की तुला झोप यायची, आणि आता दिवसभर देवळात! देवालाही आश्चर्य वाटत असेल. पत्राला रेंज लागत नाही. मी बोलून राहिली आणि सून लिहून राहिली. (आई ‘मले’ म्हणतात, मी ‘मला’ लिहिते. बाकी शब्द सगळे त्यांचेच. – मेघना) बघ, माझ्या पत्रात सुनेनं कंस टाकून आपला प्लॉट धरला. धरू दे. तिचा निदान एकाच माणसाला विकलेला आहे.

आता मुद्द्यावर येते. येते म्हणते खरं, पण बूड टेकत नाही. पलंगावर बसले की उठावंसं वाटते, उठले की दारात जावंसं वाटते, दारात गेले की कोणाची तरी मोटरसायकल वाजते आणि काळजात धस्स होते. फॅक्टरीची पाळी सुटली की आमच्या गल्लीतून मोटरसायकलींची वरातच जाते, म्हणजे माझ्या काळजाची काय दशा होत असेल ते समज. (आई पुन्हा दारात गेल्या आहेत. मी पेन धरून बसले आहे. – मेघना) आले. कोणी नव्हतं, भाजीवाला होता. तर मुद्दा असा की येत्या मंगळवारी तहसीलीत माझी जबानी आहे. साहेब विचारणार, अम्मा, तुमच्याकडे प्लॉटचे कागद घेऊन कोण आला? त्याचं उत्तर मला ठाऊक, तुला ठाऊक, आणि जो घेऊन आला त्यालाही ठाऊक. तुझा केतन. माझा सख्खा भाचा. सरकारनं जमिनीवर पाटी लावली त्या दिवशी तो माझ्या घरातून असा पळाला की चपलासुद्धा राहिल्या. त्या मी दारात तशाच ठेवल्या आहेत. येता-जाता अडखळते आणि त्यांना दोन शब्द ऐकवते. मालकापेक्षा चपला बऱ्या, निदान जागेवर आहेत.

तू म्हणशील, ताईला या वयात जमिनीचा शौक कुठून लागला. शौक नाही रे. माझ्या अनुपमची फॅक्टरीतून निवृत्ती जवळ आली, आणि निवृत्तीबरोबर क्वार्टर जाते. तुझे भाऊजी असताना ह्याच क्वार्टरमध्ये मी सून म्हणून आले, इथंच सासू झाले. पण भिंत सरकारची ती सरकारचीच. खिळा ठोकायचा तरी ठोकू का असं मनात विचारून ठोकायचा. तेव्हा आपली म्हणून एक जागा असावी एवढंच होतं. आणि त्याच वेळी तुझा केतन, कॉलेजसाठी माझ्याकडे आला तो कॉलेज संपलं तरी न गेलेला, नथ्थू सेठच्या हाताखाली कामाला लागला. काम काय, तर काळा चष्मा लावायचा आणि मोकळ्या मैदानात हात पसरून उभं राहायचं. आत्या, इथं हॉल. आत्या, इथं किचन. आत्या, इथं तुझी तुळस. मी म्हटलं, बापा, इथं तर सध्या बकरी आहे. तर म्हणतो कसा, बकरी हटवून देऊ, ती पॅकेजमध्येच आहे.

कॉलनीचं नाव शुभलाभ ग्रीन सिटी. रांझीच्या पुढं, खडकाळ टेकडीच्या पायथ्याशी. हिरवी होती ती फक्त पाटी. वेशीवर मात्र प्लास्टरचे दोन हत्ती होते, सोंड वर केलेले, एवढे गोजिरवाणे की मी जमीन नीट पाहिलीच नाही, हत्तीच पाहत राहिले. बाईच्या नावावर रजिस्ट्रीचा खर्च कमी येतो म्हणून प्लॉट माझ्या नावावर. (माझ्या नावावर आजवर प्रेशर कुकरसुद्धा नव्हता. त्याच्या पावतीवरही तुझ्या भाऊजींचंच नाव.) रजिस्ट्री दिवाळीनंतर होईल, तोवर हा करारनामा, असं नथ्थू सेठ हात जोडून म्हणाला. केतननं शाईची डबी पुढं केली. आणि मी अंगठा लावला. अनुपमनं वाचलं, मेघनानं वाचलं, दोघंही शिकलेले. तेव्हा माझ्या निरक्षरपणाला कोणी नावं ठेवू नये. (आम्ही वाचलं होतं. त्यात सगळं बरोबर लिहिलं होतं. जमीन तेवढी त्याची नव्हती. – मेघना)

मग आली अक्षय तृतीया. शुभ मुहूर्त, भूमिपूजन करून टाकू. बाजारातल्या बड्या फुहाऱ्याजवळचे पंडितजी ठरवले. ऊन असं की छत्रीच्या सावलीला चटका बसावा. मी नवं लुगडं नेसले, डब्यात पुरण घेतलं, जमिनीत पुरायला चांदीचा नाग घेतला, आणि पोचतो तर काय, आमच्या प्लॉटवर आधीच एक कुटुंब बसलेलं. गोहलपूरचा गौतम भैया, त्याचं गाड्या दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. मनगट माझ्या दंडाएवढं. त्याची बायको, सासू, आणि पुढं चांदीचा नाग. मी म्हटलं, भैया, चुकून बसलात, हा सतरा नंबर. तो म्हणाला, अम्मा, सतराच आहे. एवढ्यात तिसरी रिक्षा. तीतून राजश्रीजी उतरल्या, बड्या फुहाऱ्यावर कपड्याचं दुकान असलेल्या. हातात कलश, आणि अर्थात नाग. त्यांचाही सतराच.

आणि पंडितजी? तिघांचे पंडितजी एकच! महाराज शांतपणे आले, तिन्ही कलश रांगेत मांडले आणि मंत्र सुरू. गौतम भैयानं त्यांचं उपरणं धरलं तेव्हा म्हणाले, मुझे तो पता था, एक ही पता तीन बार लिखाया गया. हमने सोचा संयुक्त परिवार है, बढ़िया बात है, आजकल कहाँ रहते हैं लोग साथ में. अच्युत, मला असं हसू आलं की पुरणाचा डबा कलंडला. कोणीच हसत नव्हतं. गौतम भैयाची सासू तर अशी पाहत होती की जणू मीच तिच्या जावयाची जमीन पदरात लपवली.

भांडण झालं, पण मुहूर्त निघून चालला होता आणि मुहूर्त भांडणाहून मोठा. प्रत्येकानं म्हटलं, आधी आमचा नाग जाऊ द्या, मग बघू. खड्डा ईशान्येलाच हवा, आणि एका प्लॉटला ईशान्य कोपरा एकच. तेव्हा तिन्ही घरचे पुरुष एकाच कोपऱ्यात खणायला लागले. जे तिघं एकमेकांना कोर्टात खेचणार होते ते एकमेकांना कुदळ देऊ लागले, असं आपल्या लोकांचं आहे. खणता खणता कुदळ ठणकन वाजली. खाली दगड. चौकोनी, घडलेला, मातीनं माखलेला, त्यावर काहीतरी कोरलेलं. मला काय, कोरलेला दगड म्हणजे देव. मी हात जोडले, पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, माझा नाग त्याच्या पायाशी ठेवला. लगेच राजश्रीजींनी आपला ठेवला, की म्हातारी पुढं जायला नको. मग गौतम भैयाच्या सासूनं. पंडितजींनीही मंत्र बदलला. क्षणभर खरंच संयुक्त परिवार वाटलो.

तिथून तिन्ही घरं वरातीसारखी नथ्थू सेठच्या ऑफिसात. कुलूप. मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते तिथं गेलो. आणि मानलं पाहिजे, सरकार हललं. पटवारी आला, नकाशा उघडला, मोजपट्टी लावली, आणि खड्ड्यात उतरून माझ्या देवाला रुमालानं पुसलं. मी ओरडले, अरे, बाटवलास! तो म्हणाला, अम्मा, हा सरकारी हद्दीचा दगड आहे. ही सगळी जमीन शासनाची, विकायचा हक्क कोणालाच नाही. म्हणजे बघ, मी हळदकुंकू वाहिलं ते सरकारला. इतके देव पुजले, कोणी तातडीनं पावला नाही. हा आठवड्यात पावला. जेसीबी आला, हत्ती पाडले (ते मला पाहवलं नाही, त्यांचा काय दोष), क्रय-विक्रय दंडनीय अशी पाटी लागली, नथ्थू सेठवर गुन्हा दाखल झाला आणि त्याला उचललं.

इथं खरं संकट सुरू होते, म्हणून नीट वाच. नथ्थू सेठ आत बसून म्हणून राहिला की मी कोणाला काही विकलं नाही. पोरानं विकलं, गिऱ्हाइकं त्यानं आणली, कागदावर साक्षीदार म्हणून सही त्याची, पाहा. आणि सही आहे केतनचीच, झोकदार, खाली दोन रेघा मारलेली. मालक सुटणार आणि चष्मेवाला अडकणार. केतन समोर येऊन बोलला नाही तर पळाला म्हणजे गुन्हेगारच, असं साहेबांनी स्वतः मला सांगितलं. समोर येऊन सेठनं काय काय करवून घेतलं ते सांगितलं, तर साक्षीदार म्हणून त्याचं ऐकतील. मंगळवारपर्यंत.

सख्ख्या आत्याला खोटी जमीन विकणारा एकतर पक्का बदमाश असतो नाहीतर पक्का बावळट. मी त्याला इतकी वर्षं जेवू घातलं आहे, मला ठाऊक आहे दोन्हीतला कोणता. आणि पुरावा विचारशील तर, आमच्या शेजारचा अठरा नंबर त्यानं स्वतःसाठी धरला होता. तिथंही बकरीच होती. तो मला म्हणायचा, आत्या, मधली भिंत घालायचीच नाही, तुझ्या हातची भाकरी खिडकीतून घेईन. असा माणूस ठग असतो का रे? ठगाला खिडकी कुठं लागते?

पण साहेबांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. त्या खड्ड्याभोवती माझ्यासारखीच दोन घरं उभी होती, त्यांच्या तोंडाकडे बघून मला खोटं बोलवायचं नाही. केतनचं नाव मी घेणारच. प्रश्न एवढाच की नाव घेते तेव्हा तो माझ्या शेजारी उभा असेल, की नसेल. ह्याच्यानं मला बसवत नाही. (आई आता खरंच बसल्या आहेत. पण डोळे दाराकडे. – मेघना)

बाकी ठीक. इकडे आंबा चांगला आला. सुनेत्राला सांग, गुडघ्याला एरंडाचं तेल. चलो, पुरे करते. खाली निळा डाग दिसतो तो माझा अंगठा. हल्ली तो लावायच्या आधी मी घरात सगळ्यांना विचारते.

तुझी,
अंजनीताई

ता. क. – मागच्या आठवड्यात सुनेत्रानं चुकून फोन उचलला. म्हणाली, केतन? छे हो ताई, इकडे कुठला. तेवढ्यात मागून कोणीतरी गॅसवाल्याला म्हणालं, “बड्डे, जरा संभाल के, टाईल नई है!” आमच्या जबलपुरात जो तो ज्याला त्याला बड्डे म्हणतो. अमरावतीत गॅसवाल्याला बड्डे कोण म्हणते, अच्युत? तुम्ही नवीन टाईल लावली त्याचं अभिनंदन.

दुसरा ता. क. – साहेबांना मी आधीच सांगून आले आहे की माझा भाचा फरार नाही, आईच्या गुडघ्यासाठी गेला आहे, मंगळवारी आपल्या पायानं येईल. तेवढं एक खोटं झालं. ते खरं करायचं काम तुमचं. चपला इकडेच आहेत, तुझ्या घालून पाठव.

तिसरा ता. क. – तुझ्या पंख्याखाली गूळ खात बसला आहे तोच गौतम भैया. घाबरू नको. आधी तो केतनची तंगडी मोडणार होता. मी त्याला त्या सरकारी दगडावर हात ठेवायला लावून शपथ घेववली की पोरगा सगळ्या अवयवांसकट आणीन. तू हे वाचशील त्याच रात्रीच्या गाडीचं केतनचं तिकीट त्याच्याच खिशात आहे. जेवायला वाढ, वांगं खात नाही.

चौथा, आणि शेवटचा. मागच्या दाराशी गौतम भैयाचा मेहुणा उभा असेल. ऊन फार आहे, त्यालाही पाणी दे.