आप्पांना पाजलेली काळी बियर

१२ जाने., सोम.
धुळ्याहून नकार. मुलाची मावशी फोनवर म्हणते, "मुलगी बियरच्या कारखान्यात दिवसभर पीत बसते म्हणे. तुमच्याच घरातल्या मोठ्या माणसाने सांगितलं."
घरात मोठं माणूस एकच. आप्पा, माझे थोरले दीर. इथंच डिंडोलीत, मागच्या सोसायटीत.
नोकरीचं आम्ही लपवलं नव्हतं. पुण्यात बियरच्या लॅबमध्ये आहे, लग्नानंतर सोडेल, असं मीच बैठकीत सांगितलेलं. सगळं ठरल्यात जमा होतं. मेल्याने माझ्या पोरीच्या सुखात माती कालवली.

१४ जाने.
आप्पा आले. तिळगूळ घेतला, वर पुरणपोळ्या हादडल्या. गच्चीवर पतंगवाल्यांचा नुसता आरडाओरडा, म्हणून बरं, नाहीतर माझं तोंड सुटलंच असतं. ह्यांनी बजावलेलं, "मोठा भाऊ आहे. एक शब्द काढू नको."
प्राचीला फोन केला. "मम्मी, सोड ना." रडली पण नाही. आतल्या आत कुढत असणार. जिरवीनच त्यांची.

२५ जाने., रवि. पुणे
प्राचीच्या खोलीवर. तिने वर्षभर लाकडी बॅरलमध्ये मुरवलेली काळी बियर बाहेर आलीय. स्टाउट म्हणतात. बॅरलमध्ये आधी व्हिस्की होती, तिचा वास लाकडात राहतो म्हणे.
"चव घे, मम्मी. गार करायची नाही, अशीच."
जन्मात तोंडाला लावली नव्हती. नाक दाबून घेतली. आधी कडू जहर. मग गुऱ्हाळात कढईच्या बुडाची खरवड खातो ना, तसं काहीतरी. बारडोलीचं गुऱ्हाळ आठवलं. मग कॉफी, ओलं लाकूड, आणि घशाखाली ऊब. कान तापले. अजून एक घोट घेतला. खोटं कशाला लिहू, आवडली.
"बास. साधी बियर नाही ही, वाइनसारखी चढते. जरा जरा प्यायची असते."
हे ऐकलं आणि डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, नवापूरला जावळाला येशील तेव्हा दोन बाटल्या आण. "कुणासाठी?" "आप्पांसाठी."
ती ग्लास विसळायला उठली. राग आला असणार तिला, नाव ऐकून.

१ फेब्रु.
पुढच्या रविवारी नवापूरला नणंदेच्या नातवाचं जावळ. बोकड आहे. इथले पुरुष आत्तापासून उड्या मारतायत, कारण तिकडे महाराष्ट्र, इकडच्यासारखी दारूबंदी नाही. सगळ्यांत पुढे आप्पा. आणि हा माणूस माझ्या पोरीला दारूवाली म्हणतो!
आधी पाजायची. मग कौतुक करू द्यायचं. मग सगळ्या भाऊबंदांसमोर…

८ फेब्रु. नवापूरहून येताना, गाडीत
गाडी हादरतेय, तरी लिहिते.
बाटल्यांवरचे कागद सोलून बर्फात ठेवल्या. आप्पा मांडवात. "बियरच ना? बियरने मला काय होतंय!" स्टीलच्या ग्लासात ओतली, वर मीठ, गटागटा. इकडे सगळे असेच पितात. प्राची धावली, "आप्पा, हळू, ती तशी नाही." मी तिच्या दंडाला चिमटा काढला.
दुसरी बाटलीही संपली. आप्पांचा चेहरा लालेलाल. "काय चीज आहे! ज्याने बनवली त्याचे हात धरून पाया पडलं पाहिजे!"
मी प्राचीचा हात वर धरला. "पडा पाया. हेच हात. धुळ्याला जाऊन ह्याच हातांची बदनामी केलीत ना तुम्ही?"
नणंदेच्या हातातलं मटणाचं पातेलं तसंच.
आप्पा ढसाढसा रडायला लागले, गावच्या बोलीवर आले. "मना काय दोष? पोरनीच माले सांगं, म्हने, आप्पा, हाई सोयरीक मोडी टाका. मम्मी ऐकत नही, नोकरी सोडाले लावस…"
प्राची म्हणाली, "म्हणून म्हणत होते, हळू प्या."

९ फेब्रु.
तिच्याशी बोलले नाही. ती पुण्याला गेली. जाताना डबा घेतला नाही.
आप्पांची उतरली नसेल अजून. एवढे दिवस माझं फुगलेलं तोंड सोसलं, आणि शुद्धीत असेपर्यंत पोरीचं नाव काढलं नाही. त्याचाच जास्त राग येतोय. माझ्या पोटची पोर, आणि गेली कुणाकडे? त्यांच्याकडे! माझ्याकडे का नाही आली?
हे म्हणतात, "आली होती की. दिवाळीत."
ह्यांच्याशीही बोलणं बंद.

१५ फेब्रु., रवि.
धुळ्याची मावशी. परत फोन. मुलगा हटून बसलाय, हीच मुलगी पाहिजे. "झालं गेलं विसरू या. नोकरी तेवढी सोडायची, तुम्ही शब्द दिलाच होता."
दिला होता.
हे समोरच बसलेले, माझ्या तोंडाकडे बघत.
मी म्हटलं, "आमच्याकडे मोठे आप्पा आहेत. त्यांना विचारून सांगते."
फोन ठेवून तासभर झाला. आप्पांच्या दारापर्यंत जाऊन आले. आत टीव्ही चालू होता. बेल नाही वाजवली अजून.