ते धुतलेलं पाणी जातं कुठं

आण्णा, परवा सांगलीतल्या एका हॉटेलच्या गारठलेल्या हॉलमध्ये आपल्या रानाचा फोटो भिंतीएवढा करून दाखवला. ओढ्याकडेचं आपलं वतनाचं रान, तेच. वरून, ड्रोननं काढलेला फोटो. सगळं पांढरंफेक, मधे चार वेड्या बाभळी आणि बांधावर तुम्ही बसायचात तो दगड. खाली लिहिलं होतं, पडीक जमीन, सौर ऊर्जेसाठी उपलब्ध. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, किती छान, बर्फ पडल्यासारखं दिसतंय. मी जिथं नोकरी करते त्या कंपनीनंच आपल्या भागाच्या विकासाचा हा आराखडा केलाय आणि त्यातले जमिनीचे नकाशे माझ्या हातचे आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. मला अशी किळस आली की समोरचा ढोकळा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. तो तिथंच विसरला आणि दोन दिवस पर्सला वास मारत राहिला.

तुम्हाला सांगायचं तर आता लांबचं बोलायची पद्धत आलीय. उद्या टाकीला पाणी येणार का हे कुणी विचारत नाही, पण २०५० साली जग कसं असेल यावर तीन तीन दिवस बोलतात. सगळ्या जगानं शाश्वत विकासाच्या कुठल्या वाटेनं जायचं ते ठरलंय म्हणे, आणि त्यातली आपल्या भागाच्या वाट्याची वाट आम्ही कागदावर आखून देतो. परवा पाहुण्यांना हारांऐवजी रोपं दिली, पर्यावरणाची काळजी म्हणून. प्लास्टिकच्या कुंडीत, वरून चकचकीत कागद. संध्याकाळी हॉल रिकामा झाला तेव्हा ती सगळी रोपं टेबलांखाली तशीच होती, आणि टेबलांवर एक घोट घेऊन सोडलेल्या पाण्याच्या बाटल्या. शेवटच्या सत्राचं नाव ‘थेंबाथेंबाचा हिशेब’ होतं. वेटर त्या बाटल्या बेसिनमध्ये ओतत होता आणि मी दारात उभी राहून बघत होते. त्यानं विचारलं, मॅडम, काही राहिलं का?

तुम्ही असतात तर पहिल्यांदा सळई मागितली असती. नदीवरून उपसलेलं पाणी पाटानं गावात आलं की कुणाच्या रानात किती सोडायचं ते पाटकरी म्हणून तुमच्या हातात. पाटाच्या दाराची चावी तुमच्या कमरेच्या करगोट्याला. पण पाळी आली म्हणून तुम्ही कधी दार उघडलं नाही. आधी रानात शिरायचं, सरीत ती लोखंडी सळई खुपसायची, आणि तिच्यावर पाडलेल्या दुसऱ्या खाचेपर्यंत ती अलगद गेली की चावी परत करगोट्याला. वरच्या आळीतला ऊसवाला बांधावरून कावलेला, आवं, माज्या पाळीचं पाणी हाय, सोडा की. तुम्ही सळईवरचा चिखल बोटानं निपटत म्हणायचात, “रानाचं नुसतं त्वांड वाळलंय. प्वाट भरल्यालं हाय. भरल्या पोटावर चारायचं व्हय?” पाणीपट्टी एकरावर असायची, मग पाणी जास्त घेतलं तरी तेवढीच, कमी घेतलं तरी तेवढीच, कोण कशाला कमी घेईल? लोक तुमच्या पाठीमागं काय बोलायचे ते मला ठाऊक आहे. खालच्या वस्तीतल्या माणसानं वरच्या आळीला पाणी नाही म्हणायचं, याचा त्यांना खरा राग होता, सळईचा नव्हे.

आणि वरच्यांनी पाजलेलं जास्तीचं पाणी उतरणार कुठं? खाली. ओढ्याकडेला. आपल्या वाडवडिलांना वतनात मिळालेलं ते सगळ्यात खोलगट रान. मी कराडला इंजिनीअरिंगला होते तेव्हा त्याच्यावर पहिल्यांदा मीठ फुललं. दुसऱ्या वर्षाला असेन. शनिवारी एसटीनं घरी आले तर तुम्ही रानात उकिडवे बसलेले, आणि बघते तर तुम्ही चिमूटभर माती जिभेवर ठेवलीय. जरा चघळलीत, थुंकलात, पुन्हा दुसरीकडची घेतलीत. माझ्याबरोबर हॉस्टेलची मैत्रीण होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्यासमोर मी तुम्हाला म्हणाले, शी, काय हे आण्णा, माती काय खाता, याची तपासणी लॅबमध्ये होते. तुम्ही तोंड धुतलंत, मैत्रिणीकडं बघून हसलात आणि म्हणालात, “लॅबला कळायच्या आदी जिभंला कळतंय बाय.” त्या दिवशी मला तुमची किळस आली होती. किळस हाच शब्द आहे, दुसरा सापडत नाही.

पुढचं घरातलं, रविवारचं. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर जेवायला बसलाय, आणि मी दाराच्या उजेडात पुस्तक उघडून बसलेय. जमीन खारवटली तर काय करायचं याचं प्रकरण मला त्यात सापडलंय. मी फार ऐटीत वाचून दाखवतेय, की भरपूर गोडं पाणी द्यायचं, मीठ पाण्यात विरघळतं आणि धुऊन जातं. तुम्ही घास हातात धरून ऐकताय. तुम्ही, जे आख्ख्या गावाला कमी पाणी घ्या म्हणून सांगत फिरता, ते आता माझ्या तोंडाकडं बघताय. मग विचारता, “आन् त्ये धुतल्यालं पाणी जातं कुठं?” मी म्हणते, खाली जातं. तुम्ही म्हणता, “खाली म्हंजी कुठं?” मी पुस्तक मिटते. जमिनीत जातं आण्णा, पुस्तकात दिलंय. आई म्हणते, आवं जेवा की, गार हुतंय. तुम्ही घास तोंडात घालता, गिळता आणि म्हणता, “पुस्तकात हाय म्हंजी आसंल.”

आयुष्यात कुणाला पाळी सोडून पाणी न देणाऱ्या माणसानं मग स्वतःच्या रानात पाळी सोडून पाणी घेतलं. एकदा दुसऱ्याच दिवशी, सोमवारी. दोन आठवड्यांनी सोमवारीच पुन्हा एकदा, रान तुडुंब होईपर्यंत. दुसऱ्या वेळी धरले गेलात. पाणीपुरवठा संस्थेच्या पंचांनी तुम्हाला बोलावून घेतलं, उभंच ठेवलं, आणि जे लोक रोज जास्तीचं पाणी मागायचे त्यांनीच पाटकऱ्यानं चोरी केली म्हणून चावी काढून घेतली. तुम्ही करगोट्याची गाठ सोडायला गेलात तर ती सुटेना, तेव्हा कुणीतरी विळ्यानं दोरा कापला. हे मला आईनं सांगितलं. तुम्ही तिथं एवढंच म्हणालात की चूक झाली. लेकीनं सांगितलं होतं, पुस्तकात होतं, यातलं काही बोलला नाहीत. पाणी खालीच गेलं होतं. पण खाली आधीच वरच्यांचं पाणी भरलेलं, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून ते मीठ घेऊन परत वर आलं. उन्हाळ्यात आपलं रान पांढरं झालं ते आजतागायत पांढरंच आहे. पुस्तकात पुढच्याच पानावर होतं, की आधी जमिनीखालून निचऱ्याची सोय करायची, चर काढायचे, भोकाचे पाइप गाडून पाणी ओढ्याला काढून द्यायचं, आणि ती सोय नसेल तर पाणी मुळीच द्यायचं नाही. ते पान मी परीक्षेच्या वेळी वाचलं.

तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत. मला नोकरी लागली तेव्हा सळई पोत्यात गुंडाळून दिलीत, म्हणालात, घिऊन जा, मी आता कुठं खुपसू. मी ती सांगलीच्या फ्लॅटमध्ये आणली. बाल्कनीच्या खिडकीला तिची लांबी बरोबर बसली, म्हणून तिच्यावर पडदा लावला. पाहुणे विचारायचे, अँटिक आहे का? मी हो म्हणायचे.

आता आराखड्याचं ऐका. नदीवरून आणखी एक उपसा योजना, वरच्या अंगाच्या रानांना जास्त पाणी, त्याला नाव ‘हवामानाशी जुळवून घेणारी शेती’. खालची खारवटलेली रानं मात्र कायमची पडीक धरून सौर पट्ट्यांना द्यायची, त्याला नाव ‘हरित ऊर्जा’. म्हणजे ज्यांनी पाणी पाजून रान मारलं त्यांना आणखी पाणी, आणि ज्यांचं रान मेलं त्यांच्या रानावर काच. वर शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांचं, सतरा रंगांच्या चौकोनांचं चित्र. मी त्यात निचऱ्याचं एक प्रकरण लिहिलं होतं. आधी वरच्या रानांतून ओढ्यापर्यंत पाइप गाडायचे, खालची रानं धुवायची, आणि मगच नवीन पाण्याचं बोलायचं. दहा-बारा वर्षांत त्यातली बरीच जमीन परत पिकेल. आमच्या भागात काही लोकांनी एकत्र येऊन हे करून दाखवलंय, मी त्या रानांत उभा राहिलेला ऊस डोळ्यांनी बघितलाय. आपलंही रान पिकलं असतं.

आमचे साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि वागायला फार गोड. ते म्हणाले, मॅडम, प्रकरण उत्तम आहे, पण निचरा हा शब्द जरा निगेटिव्ह वाटतो. मग म्हणाले, वरच्या शेतकऱ्यांच्या रानातून पाइप न्यायला कोण संमती देणार, उगाच वाद. मग खरं बोलले, “जमिनीत गाडलेल्या पाइपचा फोटो काय येणार मॅडम? उद्घाटन कशाचं करायचं?” तेव्हा हे पुढच्या टप्प्यात घेऊ. पुढचा टप्पा म्हणजे काय ते तुम्हाला संस्थेच्या मीटिंगांतनं माहीत आहे. घोंगडं भिजत ठेवायची ती जागा. मी मान हलवली, आणि प्रकरण निघालं.

पण परवा तो फोटो बघितल्यावर, त्यातला दगड बघितल्यावर, मी माझी पाळी नसताना उठले. माइक नव्हता. म्हटलं, एकच शंका आहे, वर एवढं पाणी देणार, तर ते पाणी जाणार कुठं? हॉलमध्ये दोघंतिघं हसले. पडद्यावर परदेशातून एक बाई जोडलेल्या होत्या, त्यांनी प्रश्न फार महत्त्वाचा आहे म्हणून सांगितलं आणि त्यांचा आवाज तुटला. साहेब म्हणाले, हे टेक्निकल आहे, चहाच्या वेळी बोलू. चहाच्या वेळी कुणी बोललं नाही. काल मी ऑफिसात जाऊन सांगितलं की निचऱ्याचं प्रकरण पहिल्या टप्प्यात आल्याशिवाय जमिनीच्या नकाशांवर माझी सही मिळणार नाही. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, काही हरकत नाही मॅडम, आणि दुपारी माझ्या हाताखालच्या मुलीनं सही केली. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. आपल्या ओढ्याकडेच्या रानाची वाट लागली, आणि त्या वाटेला जगभर चांगलं म्हणतील.

तिथून गाडी काढली ती थेट गावाकडं. रानात उतरले. बाभळीखाली बसून चिमूटभर माती जिभेवर ठेवली. आण्णा, एवढी कडू-खारट असते हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिच्यावर कागद लिहिले, नकाशे रंगवले, पण चव ठाऊक नव्हती. थुंकले, बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं, तरी चव गेली नाही. सांगलीला घरी येऊन खिडकीची सळई काढली. पडदा अजून तसाच जमिनीवर पडलाय.

हे मी त्या काढून टाकलेल्या प्रकरणाच्या पाठकोऱ्या पानांवर लिहितेय. पर्यावरणाचा आराखडा असून कागद एकाच बाजूनं छापतात, त्याचा एवढा तरी उपयोग. लिहून झालं की पोत्यात सळईबरोबर गुंडाळून ठेवीन, दुसरीकडं कुठं टाकायचं तुमचं पत्र? वाचून असं म्हणू नका की लेकीनं सही केली नाही, शहाणी झाली. कारण वर एके ठिकाणी मी खोटं लिहिलंय. इतकी वर्षं आईला आणि स्वतःला तेच सांगत आले, म्हणून हाताला सवय झालीय.

पुढचं पान मी परीक्षेच्या वेळी वाचलं नाही. त्याच आठवड्यात, मंगळवारी, हॉस्टेलवर वाचलं. हॉस्टेलखाली फोनचा बूथ होता आणि संस्थेच्या ऑफिसातला फोन नंबर माझ्या वहीत होता. पण घरात पहिल्यांदाच कुणीतरी माझं म्हणणं घास हातात धरून ऐकलं होतं, आणि ते चुकीचं होतं असं लगेच सांगायची मला लाज वाटली. तुमच्या दुसऱ्या पाण्याला अजून तेरा दिवस होते, आण्णा.