तळ्यावरचा खंड्या

अगं, ऐकलंस का,

ब्लडप्रेशरसाठी डॉक्टरांनी मला रोज सकाळी तळ्यावर पक्षी बघायला पाठवलं, त्याला आठ महिने झाले. गोळी अर्ध्यावर आली, झोप लागते, दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसत नाही. घड्याळं दुरुस्त करायची सवय, म्हणून दुर्बिणीलाही एकच डोळा लावायचो. तळ्यावर सोबतीला येणारे एक मास्तर पोट धरून हसायचे.

पण डोक्यात गोंधळ वेगळाच आहे. खंड्या खांबावर बसला की मी तासन्‌तास हलत नाही. त्याने नुसती मान वळवली तरी कळतं, आता हा उडणार.

आणि तू बोलायला लागलीस की मी दोन मिनिटांत "मुद्द्याचं बोल" म्हणायचो. "माझं कधी धड ऐकून घेतलंत का?" म्हणत तू बहिणीकडे निघून गेलीस, तेव्हा मला खरंच वाटलं होतं, माझ्या स्वभावातच धीर नाही, त्याला कोण काय करणार!

आता सुधारलो म्हणून कळवू, की लपवू? काही उमजत नाही. कळवलं तर तू एवढंच विचारशील, "म्हणजे जमत होतं तर?"

उत्तर सापडेपर्यंत हे पत्र दुकानातल्या त्या खणात ठेवतोय, जिथे दुरुस्त होऊनही कुणी न्यायला न आलेली घड्याळं असतात.

तुझाच,
अजून तसं म्हणता येत असेल तर