टेपवरून पुसलेला पाय

गुरुवार, १२ फेब्रुवारी. नेपरव्हिल

आज मी खोटं बोलले. तेही सत्तरी ओलांडलेल्या बाईशी.

युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत मी जुन्या टेप डिजिटल करते. या बाईने, नोराने, तिच्या वडिलांची टेप दिली होती. आयर्लंडमधल्या घरी ते माउथ ऑर्गनवर नाचाची जुनी गाणी वाजवायचे आणि लाकडी फरशीवर पाय आपटून ठेका धरायचे. ती खटखट मी काढून टाकली. मशीनचा नॉइज वाटला असं तरी कसं म्हणू? पाय आहे हे कळत होतं मला. पाच वर्षं तबल्याच्या क्लासला गेलेय, ठेका कळत नाही? पण आवाज क्लीन हवा होता ना! वर मूळ फाइलवरच सेव्ह केलं. टेप इतकी जुनी, की एकदा वाजवतानाच तिच्यावरचा आवाज साठवणारा थर निघून गेला. आता दुसरी कॉपी कुठेच नाही.

आज नोरा बर्फातून ड्राइव्ह करत ऐकायला आली. हेडफोन लावून हसली, मग थबकली.

"त्यांचा पाय कुठे गेला?"

"टेपवर नव्हताच," मी म्हणाले. का म्हणाले? सॉरी म्हणायला काय झालं होतं?

"मग मलाच चुकीचं आठवत असेल. वय झालं माझं," असं म्हणून तिने उलट माझेच आभार मानले.

मग तिने पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. टेबलाखाली तिचा ओला बूट हलत होता. जिथे जिथे मी पाय पुसला होता, नेमका तिथे तिथे.