एक गोचीड, भावोजींच्या कमरेवर

३ मार्च
विजेच्या तारांखालचं रान कापून आलो की आम्ही सगळे शर्ट काढून एकमेकांच्या पाठी बघतो. ज्याच्या अंगावर जास्त गोचिडी, त्याने सगळ्यांचा चहा करायचा. आज मोजायच्या आधी माझ्यावरची एक हळूच भावोजींच्या कमरेवर सोडली! पण ती मेली थेट पट्ट्याखाली घुसली, कुणाला दिसलीच नाही. शेवटी चहा मीच केला.

११ मार्च
भावोजींना ताप. मुकादम म्हणतो, "सासुरवाडीचे लाड आठवले असतील जावईबापूंना!" मीही खिदळलो.

१२ मार्च
कंपनीचा डॉक्टर आला. जीभ बघितली, नाडी बघितली. "ऊन लागलंय. पाणी प्या." झालं! कुठे राबता, काय चावलं — एक अक्षर विचारलं नाही. मीही तोंड उघडलं नाही.

१४ मार्च
भावोजींनी आज ताईला ओळखलं नाही. "ह्या बाई कोण?" म्हणाले.
कूस बदलून द्यायला गेलो तर कमरेवर काळी खपली. भोवती लाल पुरळ. तीच जागा! 
ताई म्हणते, "तू का रे असा पांढराफटक पडलास?" काय सांगू? तुझ्या नवऱ्याला मीच — लिहवत नाही.

१५ मार्च
सांगून टाकलं. आधी डॉक्टरला. तो म्हणे, "अरे, गोचीड गुरांना लागते."
"आम्हाला शिंगं नाहीत हे तिला कुठं कळतंय, डॉक्टरसाहेब?"
त्याला वाटलं, ह्याच्या नेहमीच्या गमजा. मग हाताला धरूनच खाटेपाशी आणला. वाकून खपली बघितली. कुठल्यातरी मोठ्या डॉक्टरला फोन लावला. बाहेर जाऊन बोलला, बराच वेळ. आत येऊन म्हणाला, "गोचिडीचाच ताप आहे." औषध बदललं.
मग ताईला सांगितलं. कानाखाली आवाज काढला असता तर बरं झालं असतं. उठून भावोजींच्या कपाळावरची घडी बदलायला गेली.

१७ मार्च
भावोजींना ताप आहेच. मला झोप नाही. स्वतःचं अंग दहादा चाचपलं.

१८ मार्च
भावोजींनी पाणी मागितलं. ताईला नावाने हाक मारली! ताई रडली. माझ्याशी अजून बोलत नाही.

१९ मार्च
आम्ही रान कापतो तिथं डॉक्टर आला. मला बाजूला घेतलं. हातात जुनं रजिस्टर. "गेल्या वर्षी तुमचा करवतवाला तापाने गेला. मी ऊन लागलं म्हणून लिहिलं होतं. त्याच्या अंगावर असं काही होतं का रे?"
होतं म्हटलं.
तो तिथंच मटकन बसला. गवतात.
"उठा डॉक्टरसाहेब," मी म्हटलं. "तिथं नका बसू."