जप्त केलेल्या साठ गोळ्या परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. पुरवठा अधिकारी,
पुरवठा कार्यालय.

विषय : घराला दुकान समजून जप्त केलेल्या मालापैकी निदान औषध आजच परत करणेबाबत.
संदर्भ : १) आरोग्य विभागाचे पत्रक ‘साथीत घराची तयारी’. २) आपल्या निरीक्षकांचा दि. ५ चा पंचनामा.

महोदय,

१. मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. शाळा चौथीत सुटली, अक्षर पाट्यांवर शिकलो. तेव्हा भाषा खडबडीत वाटली तर वाटू द्या.

२. पत्रकात लिहिले होते की चौदा दिवसांचे धान्य, साबण, मास्क आणि महिनाभराचे औषध घरात ठेवावे व त्याची यादी ठळक अक्षरांत लावावी. आम्ही घरात चौघे. सांगितले तेवढेच आणले, दाणा जास्त नाही. यादी मी दाराच्या आतल्या बाजूला रंगवली. काम बंद, हात शिवशिवत होते, म्हणून अक्षरांना लाल सावलीही दिली. त्याच पत्रकात हवा खेळती ठेवा असे होते, म्हणून दार उघडे होते.

३. आपले निरीक्षक रस्त्यावरून यादी वाचत आत आले. म्हणाले, “दुकान झकास थाटलंयस. परवाना कुठाय?” मी पत्रक दाखवले. “ते आरोग्यवाल्यांचं. आमच्याकडे याला साठेबाजी म्हणतात.” सगळे उचलून नेले.

४. तिसऱ्या दिवशी तेच निरीक्षक साथीत सापडले. त्यांचा आमच्याशी संपर्क आला म्हणून आरोग्य विभागाने आम्हाला चौदा दिवस घरात कोंडले. चौदा दिवसांचा साठा आपल्या गोदामात आणि चौदा दिवस आमच्या वाट्याला. वर आपली नोटीस, सात दिवसांत समक्ष येऊन खुलासा करा. आलो तर पोलीस पकडतील, न आलो तर माल सरकारजमा. कसे करू ते आपणच लेखी कळवा.

५. धान्याचे मी बघतो. शेजारीण दोरीला बांधून डबा खाली सोडते. पण माझ्या पत्नीला फिट येतात. तिच्या साठ गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकाच डब्यात होती, तो डबा आपल्याकडे आहे. डॉक्टर स्वतः आजारी आहेत. तपासायला येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, “दादा, चिठ्ठीशिवाय ही गोळी मला कोणी देणार नाही.” हा अर्ज त्यांच्याच हाती पाठवतो आहे.

६. पत्नीच्या पर्समध्ये दहा गोळ्यांचे एक पाकीट सापडले. रोज दोन लागतात. परवापासून ती एकच घेते आणि दोन घेतल्या म्हणून सांगते. ती झोपली की मी पाकीट मोजतो. ते ठेवल्या जागी ठेवतो.

७. साबण वापरा, तांदूळ खा, माझ्यावर खटला भरा, मी सही करतो. फक्त तो डबा नर्सबाईंकडे द्या. तिला काही झाले तर ते साथीने झाले असे कोणत्याही कागदावर मी लिहू देणार नाही.

उत्तराची दाराशी बसून वाट पाहणारा,
पाट्या रंगवणारा

दि. ११, सकाळी. शिल्लक गोळ्या : तीन.